झडीच्या दिवसांत वाचलेलं: तुम्ही कुणाला कोणतं पुस्तक द्याल?

झड लागली की वावरात पाय ठेवता येत नाही. डवरे सपरीत पडून, माणसं ओसरीवर. म्हटलं, दोन दिवस पुस्तकांच्या गोष्टी काढू. अट एकच: नुसती नावं टाकायची नाहीत. पुस्तक हातात कसं आलं आणि कुणाला द्याल, ते सांगायचं.

सुरुवात माझ्यापासून. मी तिवसा तालुक्यातली. उद्धव शेळक्यांची ‘धग’ (1960) कॉलेजात असताना एका वाचनालयातून आणली. आई शाळेत गेलेली नाही. ती तुरीचे दाणे निवडत बसायची अन् मी वाचून दाखवायची. कादंबरीतल्या कौतिकचं बोलणं निघालं की तिचा हात थांबायचा. “हे तं आपल्याच गावची बाई होय वं!” पुस्तकातली माणसं वऱ्हाडी बोलतात, याचंच तिला नवल. सात-आठ रात्री असं चाललं. मग कळलं, शेवटची पानंच फाटलेली. आई तर वाट पाहत बसलेली. मी मनानंच एक शेवट रचून सांगितला. पुढे नोकरी लागल्यावर पुस्तक विकत घेतलं, खरा शेवट वाचला. तिला अजून सांगितलेला नाही.
कुणाला द्याल? ज्याला आपल्या बोलीची लाज वाटते त्याला.

चिखली तालुका, बुलढाणा
सदानंद देशमुखांचं ‘बारोमास’. आमच्याच जिल्ह्यातला लेखक, 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार. मले ते चन्याच्या ओलितात भेटलं. लाईन रात्री येते, मोटार सुरू करून धुऱ्यावर बसा लागते, म्हनून बॅटरीच्या उजेडात वाचलं. त्यातला एकनाथ शिकला, पन नोकरीले पैसे भरा लागतात. माह्यं बी तेच झालं. बी.एड. करून एका संस्थेत मुलाखतीले गेलो, तं तिथं आकडाच सांगतला. बाबा म्हने दोन एकर विकतो, मी म्हटलं राहू द्या. एक रात्र तं पानी दुसऱ्याच्या वावरात गेलं तरी मले पत्ता नाई. सकाळी शिव्या खाल्ल्या.
शहरातल्या मित्राले द्या, “शेती मस्त असते” म्हनतो त्याले. लग्न जुळलेल्या पोराले मात्र नोका देऊ.

गुरुकुंजाजवळून
तुकडोजी महाराजांची ग्रामगीता. 41 अध्याय आहेत. पारायण सगळेच करतात. मी म्हणतो, ग्रामसभेच्या आदल्या रात्री ग्रामआरोग्याचा एक अध्याय वाचा अन् सकाळी गावातल्या नाल्या पाहून या. सरपंचाला भेट म्हणून द्या. रागावला तर समजा वाचली.

अर्जुनी मोरगाव, गोंदिया
मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’. ते नवेगावबांधला वन अधिकारी होते, आमचा तलाव त्यांच्या लेखनात आहे. गंमत अशी, की लहानपणापासून तलावाकाठी म्हशी चारल्या, पण पाखरांकडे नीट पाहायला शिकले ते पुस्तक वाचल्यावर. आता सारसाची जोडी धानाच्या बांधीत उतरली की मी बांधावरच थांबते. सासूबाई म्हणतात, रोवणी कोण करेल, सारस?
आधी हे वाचा. त्यांचं आत्मचरित्र ‘चकवाचांदण’ जाडजूड आहे, ते नंतर.

मोर्शीकडून
सगळे नवीनच सांगून राहिले. मी लीळाचरित्र सांगतो, चक्रधरस्वामींच्या आठवणींचं. रिद्धपूर आम्हाला जवळ, म्हाइंभटांनी ते तिथंच लिहिलं, तेराव्या शतकात. आजी महानुभाव, ती पोथी म्हणून हात जोडायची. मी गोष्टी म्हणून वाचलं. लोक नाव ऐकूनच घाबरतात, पण कितीतरी लीळा पाच-सात ओळींच्या असतात. बस येईपर्यंत एक होते. (बस आली तर.)

देसाईगंज
आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रातभर नाटकं, म्हणून मी नाटकच सुचवतो: एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’. मोठ्यानं वाचा, घरातल्या चौघांत भूमिका वाटून. अंगणातला तो बंद ट्रॅक्टर आला की आमच्याकडे सगळे काकाकडे पाहतात.

चिखली तालुका, परत
ताई, बाकी सोडा. आईले ‘धग’चा शेवट काय सांगतला होता?

धागाकर्ती
कौतिकनं दोन म्हशी घेतल्या, असा.
आई म्हणाली, “दोन काहाले? एकच पुरे होती. चारा कोन आनीन?”