मन्सूरांचा यमनी बिलावल रोज लावतो, कॅसेटचा आवाज बोदा झालाय

टिळकवाडीचा श्रोता
गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या यमनी बिलावल रागाची खाजगी मैफलीची कॅसेट आहे, ९० मिनिटांची. रोज सकाळी एक बाजू लागतेच. पावसाळ्यापासून तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, ऐकू येईना, सूरही उतरल्यासारखा वाटतो. टेप झिजली म्हणायची का? दुसरी प्रत नाही, म्हणून विचारल्याशिवाय हात लावत नाही. आणि एकच राग रोज ऐकून कान बोथट होतो, हे खरं आहे का?

खानापूरकर
आधी ती कॅसेट वाजवायची थांबवा बघा. ९० मिनिटांची टेप साधारण १२ मायक्रॉन जाड असते, ६० मिनिटांची १८. पातळ टेप ताणते, गुंडाळते, आणि एकदा चुरगळली की ती जागा गेलीच. खरं, जवारी जाते ती बहुतेक वेळा टेप झिजून नव्हे, हेडवर, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागावर, मळ बसून.

कॅसेट उजेडात धरा. टेपच्या कडांवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसात हे हमखास होतं. तशी कॅसेट यंत्रात घालू नका, हेडवरून ती पूड बाकीच्या कॅसेटांत जाते. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा, मग उघडून कडा कोरड्या मऊ फडक्यानं हलके पुसा. टेपच्या मागं स्प्रिंगवर फेल्टचा बारका तुकडा असतो तोही बघा. तो पडला की टेप हेडला टेकत नाही आणि वरचे स्वर सगळे मरतात. पाच स्क्रूंचं कवच असेल तर रिळं दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येतात.

हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, कापसाच्या काडीनं पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. रबरी चाकाला अल्कोहोल जास्त लावू नका, रबर कडक होतं. डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणारं, बटण चालू राहिलंय का तेही बघा. डॉल्बीशिवाय केलेल्या मुद्रणावर ते लागलं तर आवाज बोदाच येतो. एवढं करून कॅसेट एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुढं आणि मागं फिरवा, म्हणजे ताण सारखा होतो.

मग एकदाच वाजवून संगणकात घ्या: २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइल, सर्वात मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. ४५ मिनिटांची बाजू स्टिरिओत साधारण ७८० एमबी होते. हेडजवळच्या ॲझिमथच्या (हेडचा टेपशी असलेला कोन) स्क्रूला हात लावायचा असेल तर याच वेळी: मोनोवर ऐकत अगदी थोडा फिरवा, जवारी सर्वात लख्ख येईल तिथं सोडा. एमपीथ्री नंतर करा. रोज ऐकायला तीच, मूळ कॅसेट कपाटात.

निपाणीचा तबला
सूर उतरलाय तो यंत्राचा पट्टा सैल झाल्यामुळं असणार. कडक झालेलं रबरी चाक घसरलं तरी तसंच होतं. गायकाचा षड्ज अमुक पट्टीतच असणार असं धरून दुरुस्त करू नका, पट्टी वयानं बदलते. मैफलीच्या मुद्रणात विजेची घूं असली तर तिचा आधार घ्या. आपली वीज ५० हर्ट्‌झची. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कुठली कंपनं किती जोरात आहेत त्याचा आलेख) काढून घूंची रेघ कुठं आहे ते बघा. टेप थांबवूनही रेघ राहिली तर ती तुमच्याच यंत्राची, तिचा उपयोग नाही. मुद्रण झालं त्या दिवशी वीज नेमकी ५० असेलच असं नाही, त्यामुळं एकदोन टक्क्यांची चूक धरून चाला. ६ टक्के फरक म्हणजे पूर्ण एक पट्टी.

कान बोथट होण्याचं म्हणाल, तर आवडती तान तेवढीच मागं नेऊन ऐकली की होतो. जयपूर घराण्याच्या गायकीत तान मागच्या आवर्तनाच्या (तालाच्या फेरीच्या) पोटातून निघते. मन्सूरांची आधीची तालीम मिरजेला नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरची, मग मंजीखाँ आणि भूर्जीखाँ यांच्याकडं जयपूरची. मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) सोडून पुढं धावणं आणि नेमकं समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, उतरणं, हा त्यांच्या गाण्याचा जीव आहे. त्यामुळं आवडत्या जागेच्या दोन आवर्तनं आधीपासून लावा.

रोज एकच गोष्ट धरा. आज फक्त ठेका: विलंबित तीनताल असेल तर सोळा मात्रा बोटांवर मोजा, मुखडा कुठल्या मात्रेवर उचलला ते लिहा. उद्या फक्त मध्यम, म्हणजे ‘म’ स्वर: यमनी बिलावलात दोन्ही मध्यम येतात. तीव्र कुठं डोकावतो, शुद्धावर कसा परततो, वेळेसह टिपा. आठवड्यात कागद भरतो. हेडफोनपेक्षा साधा स्पीकर बरा, तंबोरा खोलीत पसरतो.

टिळकवाडीचा श्रोता
बुरशी नव्हती, फेल्ट जागेवर. हेड पुसलं आणि जवारी आली! घूं ४८ वर दिसते, टेप थांबवली की जाते. आता किती वाढवू?

निपाणीचा तबला
५० भागिले ४८, म्हणजे ४.१७ टक्के. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुनं नाव ‘चेंज स्पीड’) वापरा, नुसतं ‘चेंज पिच’ नको. नुसत्या पिचनं सूर चढेल, लय मात्र मंदच राहील, आणि तबला खोटा वाटेल. मूळ वेव्ह तशीच ठेवून दुरुस्ती प्रतीवर करा.

खानापूरकर
आणि दुसरी बाजू घ्यायच्या आधी पट्टा बदलून घ्या, नाहीतर घूं परत नव्यानं मोजावी लागेल.