केदारकंठा: शिखरासाठी मध्यरात्रीनंतर का निघायचं?

उत्तराखंडमधल्या केदारकंठाच्या बर्फाळ ट्रेकमध्ये शिखराच्या दिवशी एवढ्या अंधारात, कडाक्याच्या थंडीत कशाला निघायचं, असा प्रश्न पडतो. केवळ सूर्योदयासाठी नाही. रात्री बर्फ गोठून घट्ट झालेला असतो, मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे धातूचे दाते) त्यात छान रुततात. ऊन वर आलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय पार गुडघ्यापर्यंत आत जातो आणि उतरताना फार दमछाक होते. दुपारनंतर हवा बिघडण्याची शक्यताही जास्त. म्हणून लीडरने ठरवलेली परतीची वेळ पाळाच, अगदी माथा समोर दिसत असला तरी.

उंचीचं मात्र मनावर घ्या. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. ट्रेक जिथून सुरू होतो ते सांक्री गावच त्याहून उंच आहे आणि केदारकंठाचा माथा सुमारे ३८०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त कमी असतो. सह्याद्रीत दणादण चढणाऱ्यांनाच इथे डोकेदुखी, मळमळ होताना पाहिली आहे, कारण ते पहिल्याच दिवशी पळत सुटतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला लीडरच्या लगेच मागे, बाकी सगळ्यांच्या पुढे ठेवा. डोकं दुखत असेल तर लपवू नका, गोळी घेऊन वर चढत राहणं तर नकोच. त्रास वाढला की खाली उतरायचं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच.

माथ्यावरून दिसणारी स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं डोळे भरून बघा, पण गॉगल लावून! आणि पाण्याची बाटली लोकरी मोज्यात गुंडाळून सॅकच्या आत ठेवा, बाहेर लटकवलेली गोठते.