डायनामो नाना पेठेत ओके, बोटीवर लावला की चार्जिंग नाही

कोथरूडचा_खलाशी:
नमस्कार मंडळी, आम्हा तिघा मित्रांची श्रीवर्धनला एक २२ फुटी फायबरची बोट आहे. दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, १०० एएचच्या (अँपिअर-अवर) दोन बॅटऱ्या आणि मध्ये कोणती बॅटरी वापरायची ते निवडणारा सिलेक्टर स्विच. राहतो पुण्यात त्यामुळे जाणं महिन्यातून दोनदा, ताम्हिणीतून. पावसाळ्यानंतर बोट पाण्यात उतरवली तेव्हापासून चार्जिंग होतच नाहीये. घरून बॅटऱ्या चार्ज करून नेल्या तर सेल्फ मस्त जोरात फिरतो, पण दिवसभर फिश फाइंडर आणि संध्याकाळी लाइट लावले की बॅटरी उतरली. इंजिन चालू असतानाही बॅटरीवर १२.३ व्होल्टच्या वर आकडा जात नाही. शेवटी डायनामो (इंजिनच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) खोलून पिशवीत घालून पुण्याला आणला, नाना पेठेत बेंचवर लावला तर १४.५ देतोय! तिथला मेकॅनिक म्हणे साहेब याला काही झालेलं नाही, उगाच पैसे घालवू नका. चावी फिरवली की चार्जिंगचा दिवा लागतो, रेस दिली की विझतो. पट्टा नवीन आहे. आता काय बघू?

पेठकरी:
बॅटरी बदला. माझ्या गाडीला सेम झालं होतं.

कोथरूडचा_खलाशी:
एक तर मार्चमध्येच घेतलीये हो, दुसरी तीन वर्षांची आहे.

जुना_वायरमन:
बॅटरी बदलायची घाई नको. दिवा लागून विझतो म्हणजे डायनामोला एक्सायटेशन (वीज तयार करायला लागणारा सुरुवातीचा करंट) मिळतंय, बेंचवर १४.५ म्हणजे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर पण बरा. मग तयार झालेला व्होल्टेज वाटेत कुठेतरी अडतोय. असं करा, इंजिन चालू, लाइट सगळे चालू, मीटर डीसीवर. लाल पिन डायनामोच्या बी प्लसच्या (जिथून वीज बाहेर येते त्या) बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर प्लसची केबल किंवा थिंबल (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) खराब. मग डायनामोची बॉडी आणि बॅटरी मायनस यांच्यात पण तसंच, हे बहुतेक जण बघतच नाहीत. आणि हो, इंजिन चालू असताना सिलेक्टर चुकूनही ऑफवर नेऊ नका, डायनामोतले डायोड उडतात, मग खरंच नाना पेठ गाठावी लागेल.

हर्णैकर:
आमच्याकडे खाऱ्या हवेने केबल आतून सडते. वरून प्लास्टिक नवं कोरं, थिंबलच्या मागे बोटभर सोलून बघा, तांबं काळं-हिरवं भुकटीसारखं निघतं. तसं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापायची. नवीन घ्यायची तर कथील चढवलेली मरीन केबल घ्या.

कोथरूडचा_खलाशी:
काल जाऊन आलो. प्लसला ०.१. मायनसला २.१!!! थिंबल सोलून बघितलं, तांबं स्वच्छ. आता कळेना, अर्थिंग खराब असेल तर सेल्फ इतका जोरात कसा फिरतो?

जुना_वायरमन:
कारण सेल्फ इंजिनच्या ब्लॉकमधून अर्थ घेतो, बॅटरीची मायनस तिथेच येते. म्हणजे बॅटरी ते ब्लॉक ठीक आहे, ब्लॉक ते डायनामो ठीक नाही. ब्रॅकेटपाशी काही केलंय का?

कोथरूडचा_खलाशी:
😶 पावसाळ्यात बोट वर काढली होती तेव्हा इंजिनला रंग मारला आम्हीच. हिरवा. ब्रॅकेटसकट.

हर्णैकर:
घ्या! हौसेला मोल नाही 😂

कोथरूडचा_खलाशी:
अपडेट देतो. डायनामोचे बोल्ट काढले, ब्रॅकेटच्या कानाखाली रंगाचा जाड थर होता, पॉलिश पेपरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला. शिवाय डायनामोच्या बॉडीपासून थेट बॅटरी मायनसपर्यंत एक वेगळी जाड वायर टाकली. आता बॅटरीवर १४.२! फक्त ती तीन वर्षांची बॅटरी चार तास चालवूनही थांबल्यावर दुसऱ्या दिवशी १२.१ वरच येते.

जुना_वायरमन:
हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजायचं साधन) घ्या, सहाही सेल बघा. फुल चार्जला १.२६५ च्या आसपास हवं. पाच सेल १.२५ आणि एकच १.१५ असेल तर तो सेल गेला, मग मात्र पेठकरींचं ऐका.

पेठकरी:
मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं 😎