मदत हवी आहे: वाइडबँडचा (हवा-पेट्रोल प्रमाण मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरचा) गेज १४.७ दाखवतो, ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) लॉगमध्ये मात्र १५.०

सेन्सर एलएसयू ४.९, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन. सेन्सरच्या कंट्रोलरचं अ‍ॅनालॉग आउटपुट सरळ रेषेतलं: ० व्होल्ट म्हणजे एएफआर (हवा-पेट्रोल प्रमाण) १०, ५ व्होल्ट म्हणजे २०. ईसीयूतही हेच स्केल भरलंय. या हिशेबाने १४.७ ला २.३५ व्होल्ट यायला हवेत, पण ईसीयूच्या पिनवर मीटर २.५० दाखवतो. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की फरक आणखी वाढतो.

सेन्सर पाइपमधून काढून, मोकळ्या हवेत पूर्ण तापू देऊन फ्री-एअर कॅलिब्रेशन दोनदा केलं. फरक जसाच्या तसा. म्हणून संशय सेन्सरवर नाही, अर्थिंगवर आहे. कंट्रोलरची ग्राउंड वायर बॉडीला आहे, ईसीयूची इंजिन ब्लॉकला. सेन्सरच्या हीटरचा करंट कंट्रोलरच्या ग्राउंड वायरमधूनच परततो, त्यामुळे तिथे ०.१५ व्होल्टचा ड्रॉप सहज पडू शकतो, आणि तेवढ्यानेच मिश्रण ०.३ ने लीन (पेट्रोल कमी असलेलं) दिसतं. ऑटोट्यून (सेन्सरच्या आकड्यावरून पेट्रोल आपोआप जुळवणं) चालू ठेवलं तर ईसीयू उगाच पेट्रोल वाढवत बसेल!

विचारायचं असं:

हीटर ग्राउंड ब्लॉकवर आणि सिग्नल ग्राउंड ईसीयूच्या सेन्सर ग्राउंड पिनवर, असं वेगळं करावं का? कंट्रोलरला एकच ग्राउंड वायर असेल तर ती कुठे जोडावी? सेन्सर ग्राउंडवर हीटरचा करंट टाकणं तर धोक्याचंच.

ईसीयूत दोन बिंदू मोजून स्केल बदलणं हा मला जुगाड वाटतो, कारण ड्रॉप लोडप्रमाणे हलतो. कोणी कॅन (आकडा व्होल्टेजऐवजी डिजिटल संदेशाने पाठवणारी लाइन) वापरून हा प्रश्नच मिटवलाय का?

आणि ४.९ च्या कनेक्टरमध्ये ट्रिम रेझिस्टर (त्या सेन्सरचं कॅलिब्रेशन कारखान्यातच ठरवणारा) असताना फ्री-एअर कॅलिब्रेशनची खरंच गरज असते का, की ती एलएसयू ४.२ या जुन्या सेन्सरच्या काळातली सवय?