डायग्नोस्टिक स्टार्टअप केलं आणि आता पिनच घेत नाहीये, वायफाय पण गायब, सकाळी केंद्र उघडायचंय

केंद्रवाला_बार्शी
रात्री ११:१२

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझं दाखल्यांचं केंद्र आहे, एकच लॅपटॉप, विंडोज ११, त्यावरच सगळं चालतं, बोटाचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, प्रिंटर, स्कॅनर. दीडेक महिन्यापासून त्रास असा की सकाळी चालू केला की लॉगिन होतं, डेस्कटॉप दिसतो, आणि मग चार-पाच मिनिटं ढिम्म. बाण हलतो पण कशावरही क्लिक करा, काही नाही, खालची पट्टी पण मेलेली. मग झोपेतून उठल्यासारखा एकदम चालू होतो आणि दिवसभर पुन्हा काही तक्रार नाही.

आज दुकान बंद केल्यावर एक व्हिडिओ बघितला, त्यात सांगितलं की रन मधे एमएसकॉन्फिग (विंडोज चालू होताना काय काय उठवायचं ते ठरवायची खिडकी) टाका, जनरल मधे डायग्नोस्टिक स्टार्टअप निवडा, ओके, रीस्टार्ट, मग कोण त्रास देतंय ते लगेच कळतं. केलं. आता पिन टाकला की म्हणतो काहीतरी झालंय, पिन उपलब्ध नाही. वायफायचं चिन्ह पण दिसत नाही. आधी पाच मिनिटं थांबून का होईना काम व्हायचं, आता आगीतून फुफाट्यात. ॲडमिशनचे दिवस आहेत, उत्पन्नाचे आणि नॉन क्रिमीलेअरचे दाखले घ्यायला साडेनऊपासून लोक दारात असतात.

मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टचा पासवर्ड बदलून बघू का? की सकाळी दुरुस्तीवाल्याकडे टाकू?


खोडरबर
रात्री ११:२०

रॅम काढ, पट्टीचे सोनेरी दात खोडरबरने घास, परत बसव. ९० टक्के प्रॉब्लेम तिथेच असतो. २० वर्षं हेच करतोय.


शेवटचा_बाक
रात्री ११:२४

फॉरमॅट मार, विषय संपला.


हार्डवेअरवाली
रात्री ११:३१

दादा, आधी एक, पासवर्ड मोबाईलवरून बदलू नका!! तुमच्या लॅपटॉपला आत्ता नेट नाही, त्याला नवीन पासवर्ड कळणारच नाही, तो जुनाच मागत बसेल आणि तुमच्या डोक्यात नवीन असेल. असे दोन जण माझ्याकडे येऊन गेलेत.

आता करायचं काय, तर पिनच्या रकान्याखाली साइन-इन ऑप्शन्स असं असतं, त्यावर क्लिक करून पिनऐवजी पासवर्ड निवडा, किल्लीचं चित्र असतं. त्यात लॅपटॉप पहिल्यांदा सेट करताना जो मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाकला होता, किंवा त्यानंतर नेट असताना शेवटचा जो चालला, तो टाका. त्याला नेट लागत नाही. आत गेलात की परत एमएसकॉन्फिग, जनरल, नॉर्मल स्टार्टअप, अप्लाय, रीस्टार्ट. पिन, वायफाय सगळं परत येईल. काही बिघडलेलं नाहीये, नुसतं बंद करून ठेवलंय तुम्ही.

झालं काय ते पण सांगते कारण हा व्हिडिओवाला सल्ला फार फिरतोय. डायग्नोस्टिक स्टार्टअप म्हणजे अगदी मोजकी उपकरणं आणि मोजक्या सर्व्हिसेस (मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम) सोडून बाकी सगळं बंद. बाहेरच्या कंपन्यांचं तर बंद होतंच पण विंडोजचं स्वतःचं पण, वायफाय सांभाळणारी सर्व्हिस, आवाजाची, पिन तपासणारी. सुक्याबरोबर ओलंही जळतं तसं. इव्हेंट लॉगिंग पण बंद पडू शकतं, म्हणजे निदान करायला बसायचं आणि नोंदवहीच कपाटात कुलूप लावून ठेवायची. त्यातून कळतं एवढंच की दोष विंडोजच्या अगदी गाभ्यात आहे की वर चढवलेल्या गोष्टीत. कोणामुळे ते नाही कळत.

पासवर्ड आठवतोय का बघा आधी.


केंद्रवाला_बार्शी
रात्री ११:३८

ताई पासवर्ड तीन वर्षांपूर्वी टाकलेला, तेव्हापासून पिनच. मिसेसला विचारतो, तिने कुठेतरी लिहून ठेवलेला असं वाटतंय. आणि समजा नाहीच सापडला तर?


पुणेरी_नेटवर्क
रात्री ११:४६

नाही सापडला तर लॉगिनच्या स्क्रीनवर खाली उजवीकडे पॉवरचं चिन्ह आहे, शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट म्हणा. निळी स्क्रीन येईल, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, सिस्टीम रिस्टोअर. एखादा जुना रिस्टोअर पॉइंट, म्हणजे विंडोजने आधी जपून ठेवलेली स्थिती, असेल तर सर्व्हिसेस होत्या तशा होतील, फायली जात नाहीत, फक्त त्या तारखेनंतर टाकलेली सॉफ्टवेअर जातील. पण घाईने हात लावू नका, आधी मोबाईलवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) रिकव्हरी की बघून ठेवा. बऱ्याच विंडोज ११ लॅपटॉपमधे डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, मालकाला पत्ताच नसतो, आणि या निळ्या स्क्रीनमधून किंवा सेफ मोडमधे जाताना तो ४८ आकडी की मागू शकतो. कागदावर उतरवून घ्या, मोबाईलच्या छोट्या स्क्रीनवरून ४८ आकडे वाचत टाकणं म्हणजे शिक्षा.

१९ जुलै २०२४ आठवतंय का, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरवाल्या कंपनीच्या एका अपडेटने जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळी पडली होती. उपाय सोपा होता, सेफ मोडमधे जा, एक फाईल उडव, रीस्टार्ट. पण कंपन्यांमधे मशीन बिटलॉकरवाली, त्यामुळे कितीतरी ठिकाणी खरा वेळ त्या की शोधण्यात गेला. तेव्हापासून मी घरातल्या सगळ्यांच्या की वहीत लिहून ठेवल्यात, बायको हसते.


केंद्रवाला_बार्शी
रात्री १२:०९

सापडला!!! गॅसच्या पुस्तकात मागच्या पानावर लिहिलेला होता. पासवर्डने आत गेलो, नॉर्मल स्टार्टअप केलं, पिन चालतोय, वायफाय आलं. ताई तुमचे उपकार. मिसेस आता महिनाभर ऐकवणार ते वेगळं.

पण मूळ दुखणं तसंच आहे, आत्ता पण लॉगिन झाल्यावर चार मिनिटं गोठला. मग हे डायग्नोस्टिक प्रकरण सोडून शोधायचं कसं? सेफ मोडमधे टाकून बघू का?


हार्डवेअरवाली
रात्री १२:२२

सेफ मोडमधे एकदा बघा, पण त्याने अर्धंच कळेल. सेफ मोडमधे विंडोज स्वतःचे साधे ड्रायव्हर घेऊन उठतं, स्क्रीन पण मोठ्ठी ढोबळ दिसते, कोपऱ्यांत सेफ मोड लिहिलेलं. तिथे जर गोठला नाही तर विंडोज धड आहे आणि दोष ड्रायव्हरमधे किंवा वरच्या सॉफ्टवेअरमधे. आणि तो एमएसकॉन्फिगमधल्या बूट टॅबवर टिक करून नका करू, ती टिक काढेपर्यंत प्रत्येक वेळी सेफ मोडच येत राहतो, आणि सेफ मोडमधे आत जायलाच अडचण आली तर टिक काढणार कोण. त्यापेक्षा वर सांगितलंय तसं शिफ्ट धरून रीस्टार्ट, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा. तो एकदाच लागतो, पुढच्या वेळी आपोआप साधा.

तुमच्या केसला खरा उपाय क्लीन बूट, म्हणजे विंडोजचं स्वतःचं ठेवून फक्त बाहेरच्या कंपन्यांचं बंद करून चालू करणं. रात्री निवांत करा, गिऱ्हाईक समोर असताना नको, कारण बोटाचं मशीन आणि सहीचा टोकन मधेच बंद असणार. एमएसकॉन्फिगमधे सर्व्हिसेस टॅबवर जा, आणि सगळ्यात आधी खालची हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस ही टिक लावा. ही टिक विसरलात आणि सगळं बंद केलं की परत आजचीच गंमत. टिक लावल्यावर यादी लहान होईल, उरलेल्या बाहेरच्या. त्याचा एक फोटो काढा मोबाईलवर. मग डिसेबल ऑल. स्टार्टअपवाला टॅब आता नुसता टास्क मॅनेजरकडे पाठवतो, कंट्रोल शिफ्ट एस्केपने थेट उघडा आणि तिथलं पण बंद करा, काय काय बंद केलं त्याचा फोटो. रीस्टार्ट.

गोठणं गेलं तर चोर त्या यादीत आहे. मग एकेक नका लावत बसू, अर्ध्या सर्व्हिसेस चालू करा, रीस्टार्ट. गोठला तर चोर चालू अर्ध्यात, नाही गोठला तर बंद अर्ध्यात. परत त्याचं अर्धं. १४-१५ असल्या तरी चार फेऱ्यांत हातात येतो.

आणि बूट टॅबवर ॲडव्हान्स्डमधे प्रोसेसरचा आकडा नि मेमरी टाकायचं असतं, व्हिडिओवाले म्हणतात त्याने स्पीड वाढतो. काही वाढत नाही, विंडोज सगळे कोर आपणहून वापरतंच, उलट मेमरीत चुकीचा आकडा पडला तर चालू व्हायची पंचाईत. त्याला हातच लावू नका.


खोडरबर
रात्री १२:३०

एवढं सगळं करण्यापेक्षा पाच रुपयाचा खोडरबर स्वस्त.


पुणेरी_नेटवर्क
रात्री १२:३४

काका खोडरबरवर माझी पण श्रद्धा आहे, पण रॅमची खोड अशी वेळापत्रकाने चालत नाही. रॅम गेली की कधीही निळी स्क्रीन, कधीही बंद, नाहीतर चालूच होणार नाही. हा फक्त लॉगिननंतर चार मिनिटं आणि मग दिवसभर शहाणा, म्हणजे कोणीतरी कशाची तरी वाट बघत बसलंय आणि बाकीच्यांना रांगेत उभं केलंय. शिवाय हल्लीच्या कित्येक लॅपटॉपमधे रॅम बोर्डावर डकवलेलीच असते, काढणार काय.


केंद्रवाला_बार्शी
दुसऱ्या दिवशी, रात्री ९:५५

मिळाला चोर. सगळं सांगतो.

सेफ मोडमधे लगेच चालू, गोठणं नाही. मग क्लीन बूट, मायक्रोसॉफ्टचं लपवल्यावर १४ सर्व्हिसेस उरल्या. सगळ्या बंद, रीस्टार्ट, लोण्यासारखा चालू झाला, मला वाटलं नवीनच लॅपटॉप आहे. मग पहिल्या ७ लावल्या, काही नाही. त्या राहू दिल्या आणि पुढच्या ७ मधल्या ४ लावल्या, गोठला. त्यातल्या २ काढल्या, तरी गोठला. उरलेल्या दोनातली एक काढली, संपलं. म्हणजे खरंच चार फेऱ्या.

निघालं काय, तर जुन्या बोटाच्या मशीनची आरडी सर्व्हिस, म्हणजे आधारसाठी बोटाचं मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. एल झिरोवाली (जुन्या सुरक्षा पातळीची) मशीनं बंद होणार म्हणून मी दुसऱ्या कंपनीचं एल वनवालं (नव्या पातळीचं) घेतलं, जुनं मशीन ड्रॉवरमधे टाकलं, पण त्याचं सॉफ्टवेअर काढायचं डोक्यातच आलं नाही. तारीख जुळवली तर नवीन मशीन घेतलं त्याच आठवड्यापासून त्रास आहे. रोज सकाळी उठून ड्रॉवरमधल्या मशीनला हाका मारत बसायचं बहुतेक. सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल केलं, सगळं परत लावलं, तीनदा चालू-बंद करून बघितलं, लॉगिन झालं की वीस सेकंदांत कामाला तयार.

एक शंका, एमएसकॉन्फिग आता सिलेक्टिव्ह स्टार्टअप दाखवतंय, मी ते निवडलेलं नव्हतं. असू दे का?


हार्डवेअरवाली
दुसऱ्या दिवशी, रात्री १०:०८

वा! एकातली टिक काढली की ते आपोआप सिलेक्टिव्हवर जातं, घाबरायचं काही नाही. आता जुनं काढून झालंय तर नॉर्मल स्टार्टअप करून टाका, आणि टास्क मॅनेजरमधे जे बंद केलं होतं ते फोटो बघून परत लावा, सगळं नका लावू, प्रिंटरच्या शाईच्या जाहिराती दाखवणारं वगैरे बंदच राहू दे.

आणि दोन आरडी सर्व्हिस एका लॅपटॉपवर असल्या की त्यांचं आपसात पण वाजतं, दोघी ११,१०० ते ११,१२० याच पोर्टांमधे (वेबसाइटला सॉफ्टवेअरशी बोलायचे क्रमांकाचे दरवाजे) जागा शोधतात आणि वेबसाइट कधी जिवंत मशीनला विचारते कधी मेलेल्याला. मधूनमधून डिव्हाइस नॉट रेडी येत होतं का?


केंद्रवाला_बार्शी
दुसऱ्या दिवशी, रात्री १०:१५

अहो येत होतं ना! मी म्हाताऱ्या माणसांच्या बोटांना दोष देत होतो, क्रीम लावा, हात धुवून या, असं सांगून दोन-दोन चकरा मारायला लावल्या लोकांना.


शेवटचा_बाक
दुसऱ्या दिवशी, रात्री १०:२१

फॉरमॅट मारला असता तरी गेलंच असतं की.


पुणेरी_नेटवर्क
दुसऱ्या दिवशी, रात्री १०:२६

गेलं असतं, आणि मग सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, नवी आरडी सर्व्हिस, मराठी फॉन्ट, स्कॅनर हे सगळं परत बसवायला तू बार्शीला जाणार होतास का?