मदत हवी आहे : पुतणी एका रात्रीत बदलली, कोणत्या डॉक्टरकडे न्यावं?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो, पोरीचा प्रश्न आहे म्हणून गावाचं नाव देत नाही. माझ्या मोठ्या भावाची मुलगी, ८ वर्षांची, तिसरीत आहे. एकत्र कुटुंब आमचं, ती माझ्याच अंगाखांद्यावर वाढलेली. दादा-वहिनी सध्या काही लिहायच्या स्थितीत नाहीत म्हणून मी लिहितो.

कापूस वेचणीच्या दिवसात तिचा घसा दुखला, ताप आला, औषध दिलं, बरी झाली, शाळेतही जाऊ लागली. मग काही दिवसांनी एका संध्याकाळी जेवायला बसली आणि ताट सरकवून म्हणे यात फवारणीचं औषध आहे. वहिनीनं ताट बदललं, दुसरं वाढलं, तरी तेच. त्या रात्रीपासून हात धुणं सुरू झालं ते थांबतच नाही, कोपरापर्यंत धुते, कातडी निघाली तरी धुते, अडवलं की अशी चवताळते की आमची ही पोरगी असं करू शकते यावर विश्वास बसत नाही. वरण-पोळी बंद, भात बंद. खाते फक्त बिस्किटाचा पुडा, तो पण तिच्यासमोर फोडला तरच. आमच्या जिल्ह्यात २०१७ ला फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, तो विषय घरात निघतोच, म्हणून आधी वाटलं की ऐकलेलं मनात बसलं असेल.

पण नुसतं तेवढं नाही न. लहानपणीच सुटलेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालं, दिवसा सारखी लघवीला जाते. बोबडं बोलते. आई नजरेआड झाली की किंचाळते, त्यामुळे वहिनीचं वावरात जाणं बंद. झोप नाही. डोळे मिचकावते. आणि वही पाहिली तर दिवाळीच्या आधीचं अक्षर आणि आताचं अक्षर एकाच पोरीचं आहे असं कोणी म्हणणार नाही.

एका डॉक्टरनं सांगितलं लाडावली आहे, दुसऱ्यानं मोबाईल बंद करा म्हटलं. मोठी माय म्हणते बाहेरचं आहे, भगताकडे न्या. नातेवाईक येतात आणि वहिनीलेच बोलतात, तुझं लक्ष नव्हतं म्हणून. ती माउली रात्रभर जागी असते, तिला कोणी विचारत नाही तू जेवली का. दोन वर्षांचा धाकटा आहे तो कोपऱ्यात बसून पाहत राहतो.

कोणाच्या घरी असं झालंय का? नक्की कोणाला दाखवायचं, मेंदूच्या की मनाच्या डॉक्टरला? काय तपासण्या मागायच्या? आपल्याकडून जवळ कुठं?

प्रतिसाद, बालरोगतज्ज्ञ, नागपूर

दादा, इथं बसून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते "एका संध्याकाळी". नेहमीचा ओसीडी, म्हणजे नको ते विचार मनात अडकून तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, बहुतेक वेळा हळूहळू वाढतो, घरच्यांना नीट तारीख सांगता येत नाही. तुम्हाला ती संध्याकाळ सांगता येते. हे डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा.

अचानक ओसीडी सुरू होणं किंवा खाणं एकदम तुटणं, आणि त्याच सुमारास भीती, चिडचिड-आक्रमकपणा, लहान बाळासारखं वागणं, अभ्यास-अक्षर घसरणं, झोप आणि लघवीच्या तक्रारी यातल्या किमान दोन प्रकारच्या गोष्टी, याला पॅन्स म्हणतात. त्याचा संबंध स्ट्रेप्टोकोकस जंतूच्या घशाच्या संसर्गाशी दिसला तर पँडास. १९९८ मध्ये अमेरिकेत डॉ. सुझन स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ५० मुलांची माहिती मांडली तेव्हापासून हे नाव आलं. जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून मेंदूच्या काही भागांवर उलटते अशी मांडणी आहे. यावर डॉक्टरांमध्ये अजूनही मतभेद आहेत, त्यामुळे एखाद्यानं "असं काही नसतं" म्हटलं तर भांडत बसू नका, लक्षणं सांगत राहा. पण ही पोरगी नाटक करून राहिली नाही, एवढं मी ठामपणे लिहितो.

यासाठी एकच अशी पक्की रक्ततपासणी नाही. घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना) आणि एएसओ टायटर (त्या जंतूविरुद्ध रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांची तपासणी) बघतात, पण एएसओ वाढलेला असणं म्हणजे अलीकडे तो संसर्ग होऊन गेला एवढंच, शाळेतल्या पुष्कळ निरोगी मुलांतही तो वाढलेला सापडतो. त्याहून मोठं काम म्हणजे दुसरे आजार वगळणं. सिडनहॅम कोरिया (याच जंतूनंतर हातापायाच्या आपोआप हालचाली होणं), ऑटोइम्यून एन्सेफलायटिस (प्रतिकारशक्ती उलटून मेंदूला येणारी सूज), विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठणं), आणि गोवर होऊन गेला असेल तर एसएसपीई (गोवरानंतर काही वर्षांनी होणारा मेंदूचा आजार). गोवर झाला होता का, लस कधी दिली, घरी फवारणीचं औषध कुठं ठेवता, हेही सांगा.

झटका आला, बोलणं बंद पडलं, गुंगी वाटली, तोंडाच्या किंवा हातापायाच्या विचित्र हालचाली दिसल्या, पाणीही पिणं सोडलं, लघवी कमी झाली किंवा मरायची भाषा केली तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ बोलवा. स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक मेडिकलमधून स्वतः आणून सुरू करू नका. न खाणाऱ्या लेकराला आयबुप्रोफेनसुद्धा (ताप-दुखीचं औषध) विचारल्याशिवाय नको.

प्रतिसाद, एक आई, अमरावती जिल्हा

भाऊ, वाचून काळजात कालवलं. माझ्या मुलाला सिडनहॅम कोरिया निघाला होता, घसा दुखल्यानंतर काही महिन्यांनी हातातून वस्तू पडायला लागल्या, चेहरा वेडावाकडा करायचा, मास्तरांना वाटायचं वेडावतो. त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात, तुम्ही पण डॉक्टरला विचारा लागतो का. माझ्या मुलाला दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे, आता तो क्रिकेट खेळतो.

एक काम आजच करा. मोबाईलवर व्हिडिओ काढा, हात धुताना, चिडलेली असताना, डोळे मिचकावताना. दवाखान्यात गेलं की लेकरू नेमकं शांत बसते आणि डॉक्टरला वाटते माय उगीच घाबरून राहिली. जुनी आणि नवी वही दोन्ही सोबत न्या.

आणि मोठ्या मायला तोडून बोलू नका. त्या जीव तुटतो म्हणून बोलतात. नारळ फोडायचा असेल तर फोडू द्या, पण कोणी धूर देणं, चटके देणं, मारणं करत असेल तर पोरीला हात लावू देऊ नका, २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात तो गुन्हा आहे. वहिनीला रात्रीची झोप पाहिजे. तुम्ही, दादा, आजी यांनी पाळ्या लावा. धाकट्याला रोज थोडा वेळ कोणीतरी बाहेर न्या.

प्रतिसाद, जिल्हा परिषद शिक्षक

शाळेत वर्गशिक्षकांना भेटून सांगा की आजारपण आहे, तपासण्या चालू आहेत. लिखाण कमी, लघवीला न विचारता जायची परवानगी, गृहपाठ थांबवा, एवढं कोणताही शिक्षक करू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, मुख्याध्यापकांकडून त्यांचा नंबर घ्या, त्यांच्यामार्फत जिल्ह्याला संदर्भचिठ्ठी मिळते. आणि घरी रात्री-बेरात्री काही सुचत नसेल तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. वहिनीनं स्वतःसाठी केला तरी चालते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, दादाला वाचून दाखवलं, तो पहिल्यांदा काहीतरी बोलला. वहिनी विचारते की हात धुवायला अडवायचं की धुवू द्यायचं? आणि सेवाग्रामला नेलं तर चालेल का, तिकडं आमचे पाहुणे आहेत.

प्रतिसाद, बालरोगतज्ज्ञ, नागपूर

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात चालेल, बालरोग आणि मनोविकार दोन्ही विभाग एकाच ठिकाणी आहेत. आधी बालरोग ओपीडीत जा, तेच पुढे पाठवतील. नागपूरला मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा एम्सही आहे. मेंदूचा की मनाचा हा प्रश्न तुम्ही सोडवू नका, या आजारात दोन्ही लागतात. संसर्ग असेल तर अँटिबायोटिक, सूज कमी करायचं औषध, जास्त गंभीर असेल तर स्टेरॉइड किंवा आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं), आणि सोबत ओसीडीची वर्तनोपचार पद्धत, गरज पडली तर अगदी कमी डोसची गोळी. खर्चासाठी रेशनकार्ड, आधार सोबत ठेवा आणि तिथल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले योजनेत काय बसते ते विचारा.

हात धुण्याबद्दल, सध्या हात धरून ओढू नका, ओरडू नका. "तुला भीती वाटून राहिली, मी इथंच आहे" एवढं म्हणा. पण "यात औषध नाही न?" असं ती पुन्हा पुन्हा विचारेल, तेव्हा प्रत्येक वेळी शपथा घेत बसू नका, एकदा सांगून विषय दुसरीकडे न्या. पुढे कसं अडवायचं ते तिथले मानसोपचारवाले शिकवतील. कातडीला खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा.

प्रतिसाद, एक आई, अमरावती जिल्हा

जाताना तिला चालणारे बिस्किटाचे पुडे आणि सीलबंद पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या घ्या, सील तिलाच फोडू द्या, बाहेरचं ती घेणार नाही आणि ओपीडीत दुपार होते. एक जोडी कपडे, जुना टॉवेल. शक्य असेल तर एसटी ऐवजी कोणाची गाडी करा, रस्त्यात लघवीला थांबावं लागेल. दाखवून आलात की इथं लिहा.