अनबॉनेटेड: टोपी काढलेला की न काढलेला?

रानजाई: हौशी ग्रुपसाठी शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' नाटकातल्या वादळाच्या प्रसंगाचं मराठी करतेय. तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात लिअर राजाबद्दल 'अनबॉनेटेड ही रन्स' (टोपीविना धावतोय) येतं, आणि पुढच्याच प्रवेशात त्याचा निष्ठावान सरदार केंट त्याला बघून कळवळतो, 'अलॅक, बेअरहेडेड!' (अरेरे, उघड्या डोक्याने!) दोन्हीकडे डोकं उघडंच, पण शब्द वेगळे. केंटच्या तोंडी मी 'बोडका' घातलं, तर तालमीत निम्मे म्हणाले हा शब्द नकोच. काय करू?

पाटीपेन्सिल: बॉनेट म्हणजे रिबिनीची बायकी टोपी डोळ्यापुढे आणू नका, तेव्हा पुरुषांच्या मऊ टोपीलाही बॉनेटच म्हणायचे. जुन्या फ्रेंचमध्ये ते आधी कापडाचं नाव, त्यावरून टोपीचं. आपल्याला गाडीचं बॉनेट माहीत असतं, अमेरिकेत त्याला हूड म्हणतात, तेही मुळात डोक्यावरचंच.

दगडीचाळ: पण अनबॉनेटेडचा अर्थ एवढा सरळ नाहीये. शेक्सपिअरच्याच 'ऑथेल्लो' नाटकाच्या पहिल्या अंकात ऑथेल्लो म्हणतो की माझी लायकी 'अनबॉनेटेड' बोलू शकते. कोणी म्हणतं टोपी काढून अदबीने, कोणी म्हणतं टोपी न काढता, बरोबरीच्या नात्याने. कारण त्याच्याच 'कोरिओलेनस' नाटकात 'बॉनेटेड' म्हणजे चक्क टोपी काढून मान दिला, मग अनबॉनेटेड म्हणजे न काढता. मला दुसरा अर्थ पटतो, तिथे ऑथेल्लो स्वतःच्या राजघराण्याबद्दलच बोलतोय ना.

पाटीपेन्सिल: मग वादळातला लिअर टोपी घालून पळतोय का? एकाच लेखकाचा शब्द आहे, मी तरी उघड्या डोक्यानेच घेणार.

सोलापूरकर: बोडका आणि इंग्रजी बाल्ड एकाच मुळातले असणार, ऐकायलाच सारखे आहेत. आणि आमच्याकडे शेजारचे तेलुगू लोक तुळतुळीत डोक्याला 'बोडी गुंडू' म्हणतात.

दगडीचाळ: बाल्डचं सोडा हो, ते 'बॉल्ड' म्हणजे डोक्यावर पांढरा ठिपका असलेला, त्यावरून आलंय असं सांगतात. तेलुगूचं मात्र विचार करण्यासारखं आहे.

कडूनिंब: बोडकाला नको म्हणणाऱ्यांचं मला पटतं. माझ्या पणजीला घरातलेच लोक 'बोडकी' म्हणायचे, नवरा गेल्यावर केस काढलेले, लाल आलवण नेसून माजघरात भिंतीकडे तोंड करून निवडण करत बसायची. तिचं नाव मला खूप उशिरा कळलं. तो शब्द स्टेजवर ऐकला तर मला लिअर दिसणार नाही, तीच दिसेल.

सोलापूरकर: समजू शकतो ताई. पण गावाकडे बोडकं झाड, बोडका डोंगर रोज म्हणतात. आमचे आजोबा दारात उभं राहून ओरडायचे, 'बोडक्यानं कुठं निघालास, टोपी घाल!' पुरुषाने उघड्या डोक्याने फिरणं अशुभ मानायचे. शब्द मारून टाकला की हे सगळंच जातं.

पाटीपेन्सिल: इथेच गोम आहे. त्यांच्याकडे टोपी काढली की मान, आपल्याकडे डोकं झाकलं की मान. पागोटं काढून पायावर ठेवायचं ते शरण जाताना. केंटला धक्का बसतो कारण राजाच्या डोक्यावर मुकुटसुद्धा नाही, हे 'उघड्या डोक्याने'मध्ये येतच नाही.

रानजाई: मग 'महाराज, डोईवर काहीच नाही!' कसं वाटतं?

कडूनिंब: बोलायला सोपं आहे. आमच्यात डोई म्हणायचे, डोकं नाही.

सोलापूरकर: डोई म्हणजे फक्त डोकं की केसांसकट? आमची आई 'डोई धुतली' म्हणते, 'डोकं धुतलं' कधीच नाही.